जमिनीखालचे धन (लेखांक 6) : वायूचा पहारा

गेल्या आठवड्यात आपण सिएरा लिओनचे हिरे पाहिले. ते नदीकाठच्या रेतीत सापडतात. फावडी, चाळण्या आणि धाकाने जुंपलेली माणसे एवढ्यावर बंडखोरांनी ते उपसले, खिशातून सीमेपार नेले आणि त्या पैशावर बंदुका घेतल्या. मग जे धन खिशात मावत नाही, त्याच्यापायी माणसे का मरतात?

नैसर्गिक वायू घ्या. उणे 162 अंशांपर्यंत थंड करून त्याचे द्रव केले तरच तो जहाजात भरता येतो. त्याला प्रचंड कारखाना, टाक्या, बंदर लागते. बंडखोराला तो चोरून विकता येत नाही. तरी इंडोनेशियाच्या आचे प्रांतात 1976 ते 2005 अशी जवळजवळ तीस वर्षे लढाई चालली. त्यात सुमारे 15 हजार माणसे गेली असे मानतात.

या लढाईचा एक धागा टेक्सासमधल्या अर्विंगपर्यंत जातो. डॅलसला लागूनच असलेल्या या शहरात आता मराठी घरेही आहेत. पाहुणे आले की लास कोलिनासच्या चौकात पाण्यातून उधळणारे ब्राँझचे घोडे दाखवायला नेतात. याच लास कोलिनासमध्ये एक्झॉनचे मुख्यालय होते. 1999 मध्ये मोबिल कंपनी एक्झॉनमध्ये मिसळली आणि तिच्याकडचे आचेतले अरुण वायुक्षेत्र अर्विंगच्या कारभाराखाली आले.

अरुणचा साठा 1971 मध्ये सापडला. कारखाना उभा राहत असतानाच, डिसेंबर 1976 मध्ये, हसन दी तिरो यांनी स्वतंत्र आचेची घोषणा केली. पहिले जहाज निघाले 1978 मध्ये. म्हणजे बंड आधी, वायूचा पैसा मागून. आचेची जकार्ताविषयीची चीड त्याहून जुनी होती. 1953 मध्येही तिथे उठाव झाला होता. वायूने ती चीड जन्माला घातली नाही, तिला हिशेब दिला. आमच्या जमिनीतून निघते, जपान-कोरियाला जाते, पैसा जकार्ताला जातो, हे कोणत्याही शेतकऱ्याला कागद न वाचता कळत होते.

आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पहारा. हिऱ्यांची खाण लुटली जाते. वायूचा कारखाना जागचा हलत नाही, म्हणून त्याला राखावे लागते. सरकारची तिजोरी त्यावर चाललेली, म्हणून राखायला सैन्य. सैन्याला आजूबाजूच्या प्रत्येक गावात बंडखोर दिसतो. एका घरातला मुलगा उचलून नेला की शेजारच्या घरातले दोघे रानात जातात. मग आणखी सैन्य येते. मार्च 2001 मध्ये हल्ले इतके वाढले की कंपनीने काम थांबवले. जकार्ताने हजारो सैनिक पाठवल्यावर जुलैत ते पुन्हा सुरू झाले.

त्याच जूनमध्ये आचेतल्या 11 गावकऱ्यांनी वॉशिंग्टनच्या न्यायालयात दावा लावला. वायुक्षेत्राच्या राखणीला असलेल्या सैनिकांनी खून, छळ, बलात्कार केले आणि त्याची जबाबदारी कंपनीवरही येते, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने ते नाकारले. सुनावणी उभी राहायच्या तोंडावर, मे 2023 मध्ये तडजोड झाली. अटी गुप्त राहिल्या. दाद मागायला 22 वर्षे! वादींपैकी काहीजण तोवर हयात नव्हते. त्याच वर्षी मुख्यालयही अर्विंगहून ह्यूस्टनजवळ हलले.

डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने आचेची किनारपट्टी धुऊन नेली आणि 15 ऑगस्ट 2005 रोजी हेलसिंकीत करार झाला. तेल-वायूच्या उत्पन्नाचा 70 टक्के वाटा आचेकडे राहील, हे त्यात लिहिले गेले. पण साठा तेव्हा सरत आला होता. शेवटचे जहाज 2014 मध्ये गेले. 2015 पासून त्याच कारखान्यात बाहेरून आणलेला वायू उतरवला जातो.

आपल्याकडे गडचिरोलीत, एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, आणि माडिया लोकांचा ठाकूरदेवही. डिसेंबर 2016 मध्ये नक्षलवाद्यांनी तिथे खनिज वाहणारी पंचाहत्तरहून अधिक वाहने जाळली. त्यानंतर बंदोबस्त वाढला आणि ट्रकही वाढले. त्या रस्त्याकडेच्या ग्रामसभांचे ठराव काय म्हणतात, ते पुढच्या लेखांकात.