एका आकड्यातले २८० फूट

कळंबोलीपासून काही किलोमीटरवरच्या नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तिथे उतरणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये ‘उंची’ म्हणून जो आकडा दिसतो, तो खरे तर हवेच्या दाबावरून काढलेला हिशेब असतो.

समुद्रसपाटीजवळ साधारण २८ फूट वर गेले की दाब एक हेक्टोपास्कलने घटतो. अल्टिमीटर बाहेरचा दाब मोजतो. पण समुद्रसपाटीला आज दाब किती, हे वैमानिकाने त्याला सांगावे लागते. खूप उंचावर सगळीच विमाने १०१३ हा प्रमाण आकडा लावतात. चूक सगळ्यांची सारखीच, त्यामुळे विमानांमधले अंतर नीट राहते. उतरताना मात्र विमानतळाचा त्या वेळचा आकडा, म्हणजे क्यूएनएच, लावायचा असतो.

कोकणच्या पावसाळ्यात हे राहून गेले तर धोका मोठा. ऐन जुलैत मुंबई-पनवेल पट्ट्यात दाब १००३च्या आसपास असतो. १०१३ तसाच राहिला, तर विमान ७२० फुटांवर असताना अल्टिमीटर हजार दाखवेल. बाहेर ढग, आणि पूर्वेला माथेरान-प्रबळगडाचे डोंगर.

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर २३ मे २०२२ला नियंत्रकाकडून १००१ऐवजी १०११ सांगितले गेले. एअरहब या विमान कंपनीच्या ए-३२० विमानाच्या वैमानिकांनी तेच परत म्हटले आणि तेच लावले. धावपट्टीची आयएलएस, म्हणजे रेडिओ किरणाने उतरणीची वाट दाखवणारी यंत्रणा, बंद असल्याने उतरणीची वाटही अल्टिमीटरच्याच भरवशावर होती. पावसात धावपट्टी दिसेना, म्हणून विमान पुन्हा वर घेतले. तेवढ्यात ते धावपट्टीच्या दीडएक किलोमीटर अलीकडे जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर येऊन गेले होते. वैमानिकांना पत्ताच नव्हता. दुसऱ्या फेरीतही तोच आकडा होता. धावपट्टी दिसली म्हणून निभावले.

कॉकपिटमध्ये एक वैमानिक ‘वन झीरो झीरो थ्री, सेट’ म्हणतो आणि दुसरा आपला आकडा पाहून ‘क्रॉसचेक्ड’ म्हणतो. एकाचा विसर यात पकडला जातो. दोघांनी चुकीचेच ऐकले असेल, तर आकडे बिनबोभाट जुळतात. म्हणून नियंत्रकाचा आकडा विमानतळाच्या ध्वनिमुद्रित हवामान-माहितीशी ताडायचा. आयएलएसचा रेडिओ किरण आणि जमिनीकडे लहरी सोडून अंतर मोजणारा रेडिओ अल्टिमीटर यांना हवेच्या दाबाशी देणेघेणे नसते. क्यूएनएच चुकला तरी ते चुकत नाहीत.