परदेशी शिक्षण बायोडेटात कसे मांडावे?

आपल्या घरांना परदेश नवा नाही. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक गावांत एका पिढीने कुवेत, दुबई, सौदीत घाम गाळला. त्या पैशावर घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली. आता त्याच घरांतली मुले-मुली नोकरीसाठी नव्हे, तर शिकण्यासाठी बाहेर जाऊ लागली आहेत. मुंब्रा, मालेगाव, सोलापूर, मिरज इथूनही जातात. कुणी एका वर्षाच्या मास्टर्ससाठी ब्रिटनला जाते, कुणी इंजिनिअरिंगसाठी जर्मनीला, तर कुणी डॉक्टर व्हायला जॉर्जिया किंवा कझाकस्तानला. त्यामागे बँकेचे कर्ज असते, अम्मीचे दागिने असतात, मामा-चाचांनी दिलेले उसने पैसे असतात.

मूल शिकून परत आले की बऱ्याच घरांत एकच प्रश्न ऐकू येतो, "एवढा खर्च केला, मग पगार इथे शिकलेल्यांइतकाच का सांगतात?"

अशा मुलामुलींचे बायोडेटे आमच्याकडे सल्ल्यासाठी येत असतात. ते वाचताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. मुलांनी तिथे पुष्कळ काही केलेले असते, पण कागदावर त्यातले फारच थोडे उतरलेले असते. 'एम.एस्सी., यू.के.' अशी एक ओळ, आणि खाली वडिलांचे नाव, उंची, जन्मतारीख, छंद. हा लग्नाचा बायोडेटा झाला, नोकरीचा नव्हे!

परदेशाचे नाव पाहून आज कुणी नोकरी देत नाही. तिथे काय शिकलो, काय केले, हे इथल्या माणसाला कळेल अशा शब्दांत सांगावे लागते. हे काम विद्यापीठ करत नाही, एजंटही करत नाही. ते विद्यार्थ्यालाच करावे लागते.

गुण समजावून सांगा

सुरुवात गुणांपासून करू. ब्रिटनमध्ये 100 पैकी 70 गुण म्हणजे मोठे यश. पदवीला तो पहिला वर्ग आणि मास्टर्सला 'डिस्टिंक्शन'. साधारणपणे 60 ते 69 म्हणजे 'मेरिट' आणि 50 ला पास. आपल्याकडे 85-90 टक्के पाहायची सवय झालेला अधिकारी 68 हा आकडा पाहून कागद बाजूला ठेवतो. जर्मनीत तर उलटाच हिशेब. तिथे 1.0 सर्वांत वरचा आणि 4.0 काठावर पास. 1.7 हा चांगला निकाल आहे, पण दहापैकी सीजीपीए वाचणाऱ्याला वाटते, पोरगा नापासच झाला!

म्हणून नुसता आकडा लिहू नका. 'अंतिम श्रेणी 1.7, जर्मन पद्धतीत 1.0 सर्वोच्च, 4.0 किमान उत्तीर्ण' किंवा 'मेरिट, 68 टक्के. 70 पासून डिस्टिंक्शन' अशी ओळ लिहा. युरोपात पूर्ण वर्षाचा अभ्यास 60 क्रेडिटचा असतो आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास धरलेला असतो. हेही थोडक्यात लिहिले तर 'एका वर्षात काय शिकला असेल?' या शंकेला उत्तर मिळते. मात्र स्वतःच्या मनाने टक्केवारी काढून टाकू नका. मार्कशीटवर आहे तेच लिहा आणि पुढे अर्थ सांगा.

पार्ट-टाइम काम लपवू नका

ब्रिटनमध्ये पदवी किंवा मास्टर्सच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते. जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस मिळतात. आपली बहुतेक मुले ही मुभा वापरतात. कुणी हॉटेलच्या स्वयंपाकघरात, कुणी दुकानात, कुणी गोदामात काम करते. आणि परत आल्यावर हेच लपवतात. लोक काय म्हणतील, ही भीती!

लपवण्यासारखे त्यात काहीही नाही. फक्त लिहिण्याची पद्धत बदला. 'सुपरमार्केटमध्ये पार्ट-टाइम' या तीन शब्दांतून काही कळत नाही. तेच असे लिहा: 'शिकत असताना 10 महिने, आठवड्याला 16 तास सुपरमार्केटमध्ये काम. रात्रीचा हिशेब जुळवणे, मालाची मोजदाद, दोन नव्या कामगारांना काम शिकवणे.' आता वाचणाऱ्याला कळते की ही व्यक्ती वेळ पाळते, पैशांचा हिशेब तिच्यावर सोपवता येतो आणि ती दुसऱ्याला शिकवू शकते. अर्थात या कामाला दोन ओळी पुरेत. वरची जागा अभ्यासाची आणि प्रकल्पांची.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. खोटा तास, खोटे पद, खोटे प्रमाणपत्र लिहू नका. मोठ्या कंपन्या नेमणुकीआधी पदवी आणि आधीची नोकरी पडताळून पाहतात. एक खोटी ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

मोठे शब्द नको, घडलेले सांगा

'वेगवेगळ्या संस्कृतींच्या लोकांबरोबर काम करण्याची क्षमता' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक बायोडेटात असते. म्हणून ते कुणी वाचतच नाही. त्याऐवजी एक प्रसंग निवडा आणि तीन गोष्टी सांगा: अडचण काय होती, तुम्ही काय केले, शेवटी काय झाले.

समजा, गटाने करायच्या प्रकल्पात पाच जण चार देशांचे होते. दोघे बैठकीला येत नव्हते. तुम्ही कामाची वाटणी लिहून काढली, दर सोमवारी अर्ध्या तासाची बैठक ठरवली आणि प्रकल्प वेळेत दिला. हे दोन ओळींत लिहा. 'संघभावना', 'नेतृत्व' हे शब्द न वापरताही ते गुण दिसतात.

प्रबंधाचेही तसेच. आपल्या खालाला समजेल इतक्या सोप्या दोन ओळींत त्याचा विषय आणि निष्कर्ष लिहून पाहा. तिला समजला, तर मुलाखत घेणाऱ्यालाही समजेल. कोणते यंत्र, कोणते सॉफ्टवेअर, किती नमुने, हे नेमके लिहा.

भाषा लिहितानाही मोघम राहू नका. युरोपात भाषेचे ज्ञान ए1 पासून सी2 पर्यंत सहा पायऱ्यांत मोजतात. 'जर्मन येते' यापेक्षा 'जर्मन बी1, परीक्षा उत्तीर्ण' याला वजन आहे. पायरी अपुरी राहिली असेल, तर मुंबई-पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे, तिथे पुढची परीक्षा देता येते. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षांपुरताच ग्राह्य असतो. त्यामुळे जुना गुणांक मिरवण्यापेक्षा इंग्रजीत लिहिलेला प्रबंध आणि वर्गापुढे केलेली सादरीकरणे सांगितलेली बरी.

जंजिऱ्याच्या बेगमसाहिबांची बहीण

'दोन वर्षांपूर्वीचे आता आठवत नाही' असे मुले सांगतात. यावर उपाय एकच, तिथे असतानाच लिहून ठेवणे. याचे आपल्याच मातीतले एक जुने उदाहरण आहे. मुंबईच्या तय्यबजी घराण्यातल्या अतिया फैजी या जंजिऱ्याच्या तेव्हाच्या बेगम नाझली यांच्या धाकट्या बहीण. 1906 साली त्या शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेल्या. रोज काय पाहिले, काय शिकले, कुणाला भेटले, हे त्या लिहून घरी पाठवत. ते लिखाण 'तहजीबे निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू नियतकालिकात छापले गेले आणि 1921 मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने त्याचे पुस्तक झाले.

अतिया यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला नाही. 1907 मध्ये त्या परतल्या. प्रमाणपत्र हाती नव्हते, तरी त्यांनी तिथे काय मिळवले ते आज आपण वाचू शकतो, कारण त्यांनी ते लिहून ठेवले होते. आजच्या मुलांच्या हातात तर मोबाइल आहे. दर शुक्रवारी पाच ओळी लिहिल्या, तरी वर्षाअखेर बायोडेटाला पुरून उरेल इतका मजकूर तयार होतो.

कागद तिथेच गोळा करा

परत आल्यावर विद्यापीठाशी ईमेलवर बोलत कागद मागवणे फार जिकिरीचे असते. म्हणून निघण्याआधी सर्व गुणपत्रके, विषयवार अभ्यासक्रमाची माहिती आणि कामाच्या ठिकाणचे पत्र घ्या. प्राध्यापकांना भेटून शिफारसपत्र मागा. विद्यापीठाचा ईमेल पुढे बंद होऊ शकतो, त्यातले महत्त्वाचे स्वतःकडे उतरवून घ्या.

सरकारी नोकरी, प्राध्यापकी किंवा पुढे पीएच.डी. करायची असेल, तर पदवीची समकक्षता लागते. ब्रिटनच्या एका वर्षाच्या मास्टर्सबद्दल पूर्वी अडचण येई. जुलै 2022 मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झाला आणि तो प्रश्न बराचसा सुटला. मात्र इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, आर्किटेक्चर यांसारख्या व्यावसायिक पदव्या त्या कराराबाहेर आहेत. एप्रिल 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी नवे नियम जाहीर केले. अर्ज करण्यापूर्वी ते जरूर पाहावेत.

डॉक्टरकीचा रस्ता तर पूर्ण वेगळा आहे. तिथे बायोडेटापेक्षा परीक्षा आधी. परदेशातून एमबीबीएस करून आलेल्यांना वर्षातून दोनदा होणारी एफएमजीई परीक्षा द्यावी लागते. 300 पैकी 150 गुण मिळाल्याशिवाय इथे नोंदणी होत नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, शिवाय तिथे 12 महिन्यांची इंटर्नशिप झालेली हवी आणि परत आल्यावर इथेही इंटर्नशिप करावी लागते. हे नियम प्रवेश घेण्यापूर्वी वाचावेत. पैसे भरल्यावर वाचून उपयोग नाही.

अर्ज कुठे करावा?

ज्या कंपनीचे त्या देशाशी रोजचे काम आहे, तिथे तुमच्या अनुभवाला खरी किंमत. जर्मनीत शिकलेल्याने पुण्याजवळचे चाकण आधी पाहावे. मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगनचे कारखाने तिथे आहेत. इंडो-जर्मन चेंबर ऑफ कॉमर्सचे काम मुंबई-पुण्यातून चालते. ब्रिटनमध्ये वित्त किंवा संगणक शिकलेल्यांसाठी बार्कलेज, एचएसबीसी यांसारख्या बँकांची मोठी केंद्रे पुण्यात आहेत. लिंक्डइनवर आपल्या विद्यापीठाचे पान उघडून 'पुणे' किंवा 'मुंबई' निवडले की तिथून शिकून आलेली माणसे सापडतात. त्यांना अदबीने दोन ओळी लिहा. नोकरी मागू नका, पंधरा मिनिटांचा सल्ला मागा. दहांपैकी दोघांनी उत्तर दिले तरी पुष्कळ.

'परत का आलात?'

हा प्रश्न मुलाखतीत येणारच. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर मिळणारी दोन वर्षांची मुदत 2027 पासून दीड वर्षावर येत आहे. एवढ्या काळात प्रत्येकाला मनासारखी नोकरी मिळतेच असे नाही. त्यात लाज कसली? "तिथे प्रयत्न केला, व्हिसा देणारी जागा मिळाली नाही. जे शिकलो ते इथे वापरायचे आहे" एवढे शांतपणे सांगा. तिथल्या सरकारला, हवामानाला, नशिबाला दोष देत बसू नका. बहाणे ऐकायला कुणाला वेळ नसतो.

घरच्यांसाठी दोन शब्द

शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. म्हणजे वेळ आहे, पण फार नाही. म्हणून नोकरीचे अर्ज शेवटच्या सत्रातच सुरू व्हायला हवेत. पहिला पगार लंडनच्या हिशेबाने मोजू नका. पहिली नोकरी कामाची आणि शिकवणारी असली, की दुसरीला परदेशी शिक्षणाचे मोल पगारात दिसू लागते.

पालकांनी मुलाला पाहुण्यांसमोर 'किती पगार?' असे विचारू नये आणि पाहुण्यांनाही विचारू देऊ नये. मुलगी शिकून आली असेल, तर तिचा नोकरीचा बायोडेटा तयार होण्याआधीच लग्नाचा बायोडेटा फिरवू नये. स्थळे येत राहतील. पण अभ्यास संपल्यावरचे पहिले वर्ष रिकामे गेले, तर पुढे प्रत्येक मुलाखतीत त्याचा जाब द्यावा लागतो. तिच्या शिक्षणावरही तेवढाच पैसा खर्च झाला आहे आणि तिनेही तेवढीच मेहनत केली आहे.

आणि जे शिकून आले आहेत त्यांना आमची एक विनंती. मोहल्ल्यात पुढच्या वर्षी जाणारे कुणी असेल, तर त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ बसा. गुणांचा अर्थ, कामाचे तास, कोणते कागद सोबत आणायचे, हे त्यांना निघण्याआधीच कळू द्या.