सातबाऱ्यावर न दिसणारी रेघ

शहराचा नकाशा म्हणजे शहरवाल्यांची उठाठेव, असे म्हणून पान उलटू नका. बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, शेळगी, दहिटणे ही गावे १९९२ साली सोलापूर महापालिकेच्या हद्दीत आली. सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरचे झाले. विहीर, गोठा, कडब्याची गंजी जागच्या जागीच राहिली, पण त्यांचे काय व्हायचे हे नगररचनेच्या कचेरीतला नकाशा ठरवू लागला.

या नकाशाला विकास आराखडा म्हणतात. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली तो तयार होतो. राहण्याची जागा एका रंगात, कारखाने दुसऱ्या, शेती हिरवी; मग त्यावर रस्ते, शाळा, बगीचे यांची आरक्षणे. वरून आखलेली रेघ सरळ असते, माणसांचे जगणे तसे नसते. सोलापूरच्या पूर्व भागातच पाहा ना! कित्येक विणकरांच्या घरी माग आणि चूल एकाच छपराखाली. त्यांचे घर कोणत्या रंगात घालायचे? वस्तीवर राहणाऱ्या तुमच्या-आमच्या घरांचेही तेच.

खरी मेख पुढेच आहे. आरक्षण पडले तरी ते सातबाऱ्यावर दिसेलच असे नाही. मुलीच्या लग्नासाठी चार गुंठे विकायला निघावे, तेव्हा कळते की तेथे बगीचा दाखवला आहे. म्हणून हद्दीजवळ जमीन असेल तर गट नंबर देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा आताच मागून घ्या.

प्रारूप आराखडा राजपत्रात व वर्तमानपत्रांत जाहीर होतो, तेव्हा हरकती व सूचना मागवतात. मुदत मोजकी असते. हरकत कोणालाही घेता येते. मालकच हवा असे नाही, कूळही चालते. मंजुरीनंतर १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालकाने नोटीस द्यावी. पुढील २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण संपते. नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडायला मात्र विसरू नका.

हरकतीत नुसते ‘अन्याय झाला’ लिहून भागत नाही. विहीर कोठे, पाइपलाइन कोणत्या बांधावरून, रस्ता किती सरकवला तर बाग वाचते, हे हाताने काढलेल्या नकाशासह लिहा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि सुनावणीला तीच प्रत बरोबर न्या.