‘मोर’ म्हणजे मोठा

मुलांनो, ‘मोर’ म्हटले की तुम्हांला पिसारा आठवतो. पण आयर्लंडच्या आयरिश भाषेत ‘मोर’ म्हणजे ‘मोठा’. हे विशेषण फार जुने आहे. जुन्या आयरिशमध्ये ते ‘मार’ असेही होते. वेल्श भाषेतला ‘माउर’ हा त्याचाच भाऊ.

आपण ‘मोठा मुलगा, मोठी मुलगी’ म्हणतो. उर्दूत ‘बडा लडका, बडी लडकी’ म्हणतो. दोन्हीकडे विशेषणाचा शेवट बदलतो. आयरिशमध्ये मात्र स्त्रीलिंगी नामापुढे विशेषणाची सुरुवातच बदलते! मोठा पुरुष म्हणजे ‘फ्यार मोर’ आणि मोठी स्त्री म्हणजे ‘ब्यान वोर’. लिहिताना ‘एम’ हे अक्षर जात नाही. त्याच्यापुढे ‘एच’ लिहितात आणि दोन्ही मिळून ‘व’ वाचतात. पूर्वी ‘एच’ऐवजी अक्षराच्या डोक्यावर एक टिंब देत. टिंबाने अक्षर कसे बदलते, हे उर्दू वाचणाऱ्यांना काय सांगावे?

‘अधिक मोठा’ म्हणताना शेवटचा ‘र’ गळतो व ‘नीस मो’ असे होते.

आता कोणी ‘वोर’ म्हणाले आणि तुम्ही शब्दकोशात ‘व्ही’ हे अक्षर काढून बसलात, तर शब्द मिळायचा नाही. तो ‘एम’च्या पानांवर असतो.