घरातलं मांजर बाहेर का पळतं?

मांजर दाराशी दबा धरून बसतं, म्हणजे त्याला घर आवडत नाही असं नव्हे. त्याची शिकारीची वेळ झालेली असते. पहाट आणि तिन्हीसांजा या त्याच्या वेळा. नेमका तेव्हाच दूधवाला येतो, नाहीतर आपण कामावरून परततो! म्हणून संध्याकाळी दहा मिनिटं दोरीला चिंधी बांधून त्याला पळवावं आणि लगेच खायला घालावं. शिकार झाली, पोट भरलं, की स्वारी अंग चाटून झोपते. खाणं आणि लाड मात्र दारापासून दूर, आतल्या खोलीत.

वयात आलेल्या बोक्याला किंवा माजावरच्या भाटीला ही युक्ती पुरत नाही. पाचव्या महिन्याच्या सुमारास पशुवैद्याकडून नसबंदी करून घ्यावी, हाच खरा इलाज.

राहता राहिली खिडकी. मांजर चार पायांवर पडतं हे खरं. पण उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची जी पाहणी न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केली, तीत बहुतेक वाचली तरी छातीला आणि जबड्याला मार पुष्कळांना होता. गजांवरही विसंबू नका. मांजराच्या गळ्याखालचं हाड सांध्याला जोडलेलं नसतं, मांसातच रुतलेलं असतं. डोकं शिरलं की बहुधा अंगही शिरतं. आतून तारेची बारीक जाळी ठोकून घ्या.