एक टन पेंढा, सहा टन ओझं

भात झोडून झालं की दाण्याचं काम आटोपतं आणि पेंढ्याचं सुरू होतं. झोडलेली पेंढी बाजूला टाकायची, उन्हात पसरायची, वाळली की गोळा करायची, भारा बांधून घराकडे आणायचा, उडवीवर चढवायचा आणि पुढे पावसाळ्यापर्यंत रोज थोडा थोडा उतरवून गोठ्यात न्यायचा. मोजून पाहिलं तर एकाच पेंढीला सहा वेळा हात लागतो.

महाड तालुक्यातल्या वीरसारख्या गावात वीस गुंठ्यांचं, म्हणजे अर्ध्या एकराचं भात आहे असं समजू. हेक्टरी चार टन उतारा धरला तर एवढ्या जमिनीतून आठशे किलो भात निघेल. पेंढा वजनाने दाण्याइतका किंवा त्याहून थोडा जास्तच भरतो, म्हणजे टनाच्या आसपास. तो सहा वेळा उचलायचा, म्हणजे सहा टनांची उचल. यातली बरीचशी घरातल्या बाईच्या डोक्यावरच्या चुंबळीवरून होते, आणि तिची मजुरी कुठल्याच वहीत लिहिली जात नाही.

कोकण रेल्वेने महाडला जाणारी माणसं उतरतात ती वीर स्टेशनात. मुंबई–गोवा महामार्गही गावाला लागूनच जातो. या दोन रस्त्यांनी गावातली तरणी माणसं मुंबईला गेली. काही महाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातात. कापणी मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारालाच येते, आणि परतीचा पाऊस तोवर हटलेला असेलच असं नाही. ऊन पडेल त्या दोन-चार दिवसांत पेंढा आवरावा लागतो. नेमके तेव्हाच हात कमी पडतात.

यंत्र आणावं म्हटलं तर पहिली अडचण जमिनीची. देशावर किंवा पंजाबात ट्रॅक्टरमागे बेलर जोडतात. शेतात ओळीने पडलेला पेंढा तो उचलतो, दाबतो, सुतळीने बांधतो आणि तयार गाठ मागे टाकून पुढे सरकतो. सुतळी आपोआप बांधणारा असा बेलर अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू हॉलंड गावच्या कंपनीने १९४० मध्ये बाजारात आणला. त्याआधी गाठ बांधायला यंत्राबरोबर माणसं बसवावी लागत. पण खाचर तीन-चार गुंठ्यांचं, चहूबाजूंनी बांध आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरताना हात-दीड हाताची पायरी, अशा जागी हे धूड वळायचं कुठे? पोलादपूरकडे चढ लागला की खाचरं आणखी अरुंद होतात.

दुसरी अडचण पेंढ्याचीच. कोकणात पेंढा अख्खा लागतो. आंब्याच्या आढीत खाली-वर पसरायला लांब, न मोडलेला पेंढा हवा असतो. बियाणं ठेवण्याच्या मुड्या बांधायलाही तोच. मोठ्या मळणी यंत्रातून तो चुरडून बाहेर येतो. म्हणून बरेच शेतकरी अजून पेंढी आपटून झोडतात, नाहीतर पायाने चालवायचं मळणी यंत्र वापरतात. त्यात पेंढी हातात धरून फक्त लोंब्या फिरत्या ढोलावर टेकवायच्या. दाणे झडतात आणि काड शाबूत राहतं.

गवत आणि पेंढा गाठी बांधून विकण्याचा धंदा कोकणाला नवा नाही. उत्तरेकडे, जुन्या ठाणे जिल्ह्यात, डोंगरातलं गवत वखारीत दाबून त्याच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना पाठवत. त्या धंद्यात सर्वांत स्वस्त वस्तू होती माणसाची मेहनत. १९४५ च्या ऑक्टोबरात डहाणू-उंबरगाव भागातल्या वारल्यांनी गवत कापण्याचं काम बंद पाडलं. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोंहून अधिक. तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. या लढ्याचं नेतृत्व करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहिलं. गवताच्या भाऱ्याचं वजन आणि त्याचा मोबदला यांचा झगडा इतका जुना आहे.

जगभरच्या छोट्या शेतकऱ्यांनी पेंढा-गवत आवरण्याच्या कामासाठी जी साधनं काढली, त्यांचा भर गाठ बांधण्यापेक्षा गाठी गोळा करण्यावर आहे. कारण उघड आहे. बेलर गाठी शेतभर विखरून टाकतो आणि माणूस त्या वेचत फिरतो. मग कुणीतरी बेलरच्या मागे सपाट घसरफळी ओढली. गाठी तिच्यावर साठतात आणि ठरलेल्या जागी ढिगाने उतरतात. इंग्लंडमध्ये यातूनच आठ-आठ गाठींचा चौक मांडून सोडणारी साधनं आली. ट्रॅक्टरला पुढे बसवलेला पंजा तो आठांचा चौक एकदम उचलतो. ट्रॉलीच्या कडेला लावायची एक उभी नळीही असते. ट्रॉली पुढे सरकली की जमिनीवरची गाठ तिच्यात शिरते आणि वर चढून ट्रॉलीच्या पातळीला येते. तिथे उभा असलेला माणूस ती फक्त रचतो. गोठ्याच्या माळ्यावर गाठी चढवायला मोटरवर चालणारा साखळीचा चढता पट्टा वापरतात.

ही साधनं जशीच्या तशी वीरला आणण्यात अर्थ नाही. त्यांच्यामागचा विचार मात्र आणता येतो: ओझं एकदा जमिनीवरून उचललं की पुन्हा जमिनीवर ठेवायचं नाही आणि जमेल तिथे उचलण्याऐवजी ओढायचं.

सुरुवात विळ्यापासून होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला दातेरी ‘वैभव’ विळा जमिनीलगत कापतो. साध्या विळ्यासारखा तो घटकाघटकाला पाजवावा लागत नाही, आणि बुंध्यापासून कापल्यामुळे पेंढाही लांब मिळतो. शिवाय खोडकिड्याच्या अळ्या धसकटात सुप्तावस्थेत राहतात. धसकट जितकं आखूड, तितका पुढच्या हंगामाला धोका कमी.

पुढची पायरी हातपेटीची. ही सुतार दिवसाभरात करून देतो. आतून साधारण पाऊण मीटर उंच आणि पाऊण हात रुंद अशी उभी लाकडी पेटी, वरून उघडी, पुढच्या बाजूला बिजागरीचं दार. मागच्या फळीला वरच्या टोकाशी लांब दांडा खिळीवर फिरता बसवलेला, आणि त्या दांड्याला मध्ये लोंबणारा पेटीच्या मापाचा ठोकळा. आधी सुतळीचे दोन वेढे पेटीच्या तळातून घालून टोकं वरच्या खाचांत अडकवायची. मग पेंढा थराथराने आडवा भरायचा. दर दोन-तीन थरांनंतर दांड्याला लोंबकळून ठोकळा खाली दाबायचा. पेटी भरली की दांडा दाबून धरायचा, दुसऱ्याने सुतळी आवळून गाठ मारायची. दार उघडलं की चौकोनी गाठ बाहेर ढकलता येते. दोन माणसं पुरतात आणि डिझेल लागत नाही.

पेटीचं माप ठरवताना वजन डोळ्यांसमोर ठेवावं. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने, नायोशने, हाताने उचलायच्या ओझ्याची जी मर्यादा सांगितली आहे ती २३ किलो. तीही ओझं अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर आणि अंग न वळवता उचललं तर. चिखलाळ बांधावरून चालणाऱ्या बाईसाठी १२ ते १५ किलोंची गाठ पुष्कळ झाली. अर्ध्या एकराच्या सत्तर-ऐंशी गाठी होतील. मोकळ्या भाऱ्यापेक्षा त्यांना जागा खूपच कमी लागते. टेंपोने पेंढा पाठवणाऱ्याला हा फरक लगेच कळतो, कारण मोकळ्या पेंढ्याचा टेंपो वजनाने भरण्याआधीच आकाराने भरतो आणि भाडं तेवढंच द्यावं लागतं.

पेटी शेतात नेली की घरी आणायचा माल गाठींच्या रूपाने येतो. आता वाहतूक. सुकलेल्या खाचरात, धसकटावरून, जुन्या पत्र्याचं टोक वर वळवून केलेली घसरफळी दोरीने सहज ओढली जाते. तिची उंची चार बोटं असल्यामुळे गाठ तिच्यावर लोटली तरी पुरते. ट्रॉलीसारखी कमरेएवढी उचलावी लागत नाही. बांधावर चाकाची गाडी हवी असेल तर एकाच चाकाची बरी, ती अरुंद वाटेवरून जाते. ओझं चाकाच्या जवळ ठेवलं की हातांवर भार कमी येतो. गाडीरस्ता असेल तिथे पॉवर टिलरची छोटी ट्रॉली. कोकणात चिखलणीसाठी पॉवर टिलर बऱ्याच गावांत आहे. नोव्हेंबरात तो बहुधा मोकळाच असतो.

पोलादपूरच्या चढावरच्या वरकस जमिनीतलं गवत खाली आणायला आल्प्सच्या डोंगरातली एक रीत पाहण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडमध्ये उंच उतारावरचं गवत कापणारे लोक तारेवरून भारे खाली सोडतात. वरच्या टोकाला भक्कम झाड किंवा खांब, खालच्या टोकाला दुसरा, मध्ये ताणलेली पोलादी तार आणि भाऱ्याला लाकडाचा आकडा. पुढचं काम उतार करतो. धोका मात्र खराच आहे. भारा वेगाने येतो. खालच्या टोकाला गवताचा किंवा टायरचा अडथळा हवा, तारेखालून वाट जाता कामा नये आणि खालच्याने हाक दिल्याशिवाय वरच्याने भारा सोडता कामा नये.

शेवटची उचल माळ्याची. तुळईला एकच कप्पी बांधली तर जोर तेवढाच लागतो. फक्त वर ओढण्याऐवजी खाली ओढायचं असतं, त्यामुळे स्वतःच्या वजनाचा उपयोग होतो. ओझ्यालाही दुसरी कप्पी लावली की जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. बदल्यात दोरी दुप्पट ओढावी लागते. पंधरा किलोंच्या गाठीला पहिली सोय पुरते, एकदम तीन-चार गाठी चढवायच्या तर दुसरी.

गाठींबाबत एक खबरदारी मोकळ्या पेंढ्यापेक्षा जास्त घ्यावी लागते. दाबलेल्या पेंढ्यात हवा खेळत नाही. ओलावा पंधरा-सोळा टक्क्यांच्या वर राहिला तर आत बुरशी धरते, गाठ गरम होते, आणि असा पेंढा जनावर हुंगून बाजूला करतं. काडी वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. नुसती वळली तर आणखी एक ऊन द्यावं. रचताना खाली लाकडाच्या फळ्या किंवा बांबू, भिंतीपासून वीतभर अंतर आणि थरांमध्ये थोडी फट ठेवली की पावसाळ्यातली दमट हवाही सोसते.

खर्चाचा प्रश्न उरतो. पेटी, घसरफळी आणि कप्पी यांना फार पैसा लागत नाही. पॉवर टिलर किंवा मळणी यंत्रासाठी महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरण योजनेत अर्ज करता येतो. केंद्राच्या उपअभियानात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना साधारण ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदानाची तरतूद असते, प्रत्येक यंत्राला कमाल रक्कम ठरलेली. पण अर्ध्या एकराला स्वतंत्र यंत्र परवडत नाही. वाडीतल्या पाच-सहा घरांनी मिळून घेतलं, तरच ते वर्षातले पुरेसे दिवस चालतं.

म्हणून दसऱ्याच्या आधीच तीन गोष्टी ठरवून ठेवायला हव्यात: कुणाचा पेंढा आधी आवरायचा, पेटी कुणाच्या खळ्यावर ठेवायची आणि विकायच्या गाठी कोण नेणार. आंबा बागायतदारांची मागणी उन्हाळ्यात येते, दुभत्या जनावरांची वर्षभर असते. आढीसाठी लांब काडाच्या गाठी आणि गोठ्यासाठी चुरडलेल्या पेंढ्याच्या गाठी पहिल्या दिवसापासून वेगळ्या रचल्या, तर एप्रिलमध्ये गिऱ्हाईक दारात उभं असताना सगळी उडवी पुन्हा उपसावी लागत नाही. तेवढीच सातवी उचल टळते.