खांद्याची शस्त्रक्रिया आणि पहिली रात्र

अचलपूर तालुका संत्र्याच्या बागांचा. शिडीवरून फळे तोडताना तोल गेला, की माणूस हात टेकतो आणि मार पुष्कळदा खांद्याला बसतो. दुखापत मोठी असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. तिच्यानंतरची पहिली रात्र विशेष कष्टाची असते. ही वेदना कमी करण्यासाठी मज्जातंतूंच्या बधिरीकरणाचा उपाय योजला जातो.

खांद्याच्या बहुतेक संवेदना मानेतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्यातून मेंदूकडे जातात. भूलतज्ज्ञ मानेच्या बाजूस, दोन स्नायूंमधील खाचेत, या जाळ्याभोवती बधिर करणारे औषध सोडतो. अमेरिकेतील डॉ. विनी यांनी ही पद्धत १९७० मध्ये मांडली. पूर्वी सुईची जागा अंदाजाने ठरवीत. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर मज्जातंतू पाहता येतात. मात्र या कामासाठी वापरावयाच्या यंत्राचीही १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी आवश्यक असते.

श्वासपटलाचा मज्जातंतू तेथून जवळच असल्याने त्या बाजूचे श्वासपटल काही तास मंदावू शकते. निरोगी माणसाला हे सहसा जाणवत नाही; दम्याच्या वा फुप्फुसाच्या जुन्या रुग्णाने मात्र ते आधीच सांगितले पाहिजे. पापणी किंचित उतरणे, आवाज घोगरा होणे यांनी नातेवाईक घाबरतात. औषध उतरताच ही लक्षणे जातात.

खरी फसगत होते ती घरी. औषधाचा प्रभाव साधारणतः दहा ते अठरा तास टिकतो. दुपारी अमरावतीस शस्त्रक्रिया झालेला रुग्ण गावी परतला, तर ‘दुखतच नाही’ म्हणून गोळ्या बाजूला ठेवतो. मग पहाटे औषध उतरते आणि कळ एकदम उसळते. त्या वेळी घेतलेली गोळी लागू पडण्यास अवधी लागतो. म्हणून मुंग्या येऊ लागण्यापूर्वीच, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी गोळी घेतली पाहिजे. रात्री झोपमोड झाली तरी चालेल.

बधिर हाताला चटका कळत नाही. शेक देण्याची आपल्याकडे भारी हौस. ती येथे आवरावी. हात झोळीतच ठेवावा, चुलीपासून दूर. दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंतही बधिरता न गेल्यास रुग्णालयास कळवावे. धाप लागल्यास मात्र वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.